चौदा मेढी

चिंचवडच्या अलीकडे, पवनेच्या काठाला, लढाईच्या काळात लष्करानं बांधलेली पत्र्याची एक लांबलचक शेड होती. लढाई संपली, लष्कर गेलं, आणि पुढं दहा वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीनं ती भाड्यानं घेतली. आत वाफेवर चालणारा एक बंद लोखंडी हंडा, सिमेंटच्या दोन टाक्या, कापडाच्या गाळण्या आणि कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली प्रयोगशाळा, एवढाच पसारा. दारावर पाटी होती ती नुसती ‘प्रायोगिक विभाग’ अशी. रस्त्यानं जाणाऱ्यांना तिथं साबण करतात असं वाटायचं.

तिथले रसायनतज्ज्ञ होते रंगराव शिंगटे. वय छत्तीस, मूळचे वाईकडचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको विषमज्वरानं गेली होती. चौथ्या दिवशी ते कामावर हजर झाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या कामात एकही चूक झाली नव्हती. लोक म्हणत, माणूस धीराचा आहे. रंगरावांना मात्र ठाऊक होतं की यात धीराचा काही संबंध नाही. सकाळी चहाचा पेला हातात घेतला की तो गरम आहे हे त्यांना वाफेवरून कळायचं.

काम साधं होतं. नवा गडी आला की रंगराव त्याला त्याच शब्दांत समजावून सांगत. लाकडात दोन गोष्टी असतात. एक धागे, आणि दुसरं त्या धाग्यांना धरून ठेवणारं चिकटवण. त्या चिकटवणाला लिग्निन म्हणतात. ते आहे म्हणून झाड उभं राहतं. नाहीतर बाभूळ काय अन् साग काय, ओल्या कापसासारखा जमिनीवर पसरला असता. आपण हे चिकटवण वेगळं काढतो.

ते वेगळं काढायची रीत अशी. लाकडाच्या ढलप्या करायच्या, हंड्यात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दाबाखाली चार तास शिजवायच्या. मग धागे लगदा होऊन मागं राहतात आणि चिकटवण पाण्यात उतरतं. पाणी डांबरासारखं काळं होतं. त्या काळ्या पाण्यात बेतानं तेजाब सोडलं की तपकिरी साका खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, ट्रेमध्ये पसरून उन्हात वाळवायचा. हाताला लागते ती तंबाखूच्या रंगाची भुकटी. ओतकामाच्या साच्यांची वाळू बांधायला ती चालते का, हे कंपनीला पाहायचं होतं.

एरवी चाकणच्या बाजूनं बैलगाड्यांतून तुराट्या यायच्या. पण सत्तावन्न सालच्या भाद्रपदात गंजी भिजून कुजल्या आणि माल तुटला. व्यवस्थापक दौलतराव खटपट्या माणूस. त्यांनी एक ठेकेदार गाठला. पलीकडे नव्या कारखान्यासाठी उंबरटेक नावाची चौदा घरांची वस्ती उठवली होती, तिथली जागा साफ करायचं काम त्याच्याकडं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याची गाडी शेडपुढं रिकामी झाली. चौदा जुने खांब. काळे, तेलकट, प्रत्येकाचा शेंडा बेचक्यासारखा दुभंगलेला.

ट्रे वाळवायच्या कामावर गवराबाई होती. तिशीची, उंच, कमी बोलणारी. ती हातातला ट्रे खाली ठेवून त्या ढिगाशी गेली.

“ह्या आमच्या मेढी हायेत, साहेब,” ती म्हणाली.

“कशावरून?”

तिनं एका खांबाच्या बेचक्याखाली बोट ठेवलं. तिथं कुंकवाचा जुना, तपकिरी पडलेला डाग होता. दुसऱ्यावर होता, तिसऱ्यावरही होता.

“घर बांदायच्या आदी हिला उभी करत्यात. पूजा करत्यात. मग बाकीचं घर,” ती म्हणाली. “वासं, कवाडं आमी नेली. मेढ उपटायची नसती म्हनून ऱ्हाऊ दिली.”

“ठेकेदारानं उपटली,” रंगराव म्हणाले.

“व्हय. साखळी लावून.”

ती ट्रे उचलून उन्हात गेली. रंगरावांनी वहीत लिहिलं: बाभूळ, जुनी, अंदाजे साठ ते ऐंशी वर्षं, पूर्ण वाळलेली. हंड्यात एका खेपेला एका मेढीचा माल मावत होता.

पहिली मेढ सोमवारी फोडली. हंड्यावर सावळाराम असायचा; सैन्यात बॉयलरवर काम केलेला, अंगानं आडवा माणूस. अकरा वाजून वीस मिनिटांनी दाब शंभर पौंडांवर गेला आणि रंगरावांनी वेळ टिपली. दुपारी सावळारामनं वाफ सोडली. शेडमध्ये नेहमीचा उग्र वास पसरायला हवा होता. त्याऐवजी चुलीच्या धुराचा वास आला. त्यामागून लसणाच्या फोडणीचा, आणि मग बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा वेखंडाचा.

सावळाराम नळावर हात ठेवून तसाच उभा राहिला. “साहेब, कुणाच्यातरी घरात आल्यावानी वाटतंय,” तो म्हणाला.

“जुनं लाकूड आहे. धूर मुरलेला असतो,” रंगराव म्हणाले. ते खरंही होतं.

त्यांनी काळं पाणी चंचुपात्रात घेतलं आणि तेजाबाची बाटली आणायला ते कपाटाकडं गेले. परत आले तेव्हा पात्राच्या तळाशी साका बसला होता. वर पाणी निवळ, चहाच्या रंगाचं. तेजाबाचा थेंबही पडलेला नव्हता. लिटमसचा कागद बुडवून पाहिला, तो गडद निळा झाला. म्हणजे पाण्यात सोडा जसाच्या तसा होता, आणि सोड्याच्या पाण्यात हा पदार्थ खाली बसत नाही. बसूच शकत नाही. रंगरावांनी तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा तेच. त्यांनी पान उलटून नवं पान सुरू केलं.

मंगळवारी सकाळी गवराबाई उशिरा आली.

“आमचं थोरलं भाऊजी उठंनात,” ती म्हणाली. भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, कोंडाजी. “काल रानात उभं हुतं ते तितंच खाली बसलं. मग आडवं झालं. आंगात काय ऱ्हायलंच न्हाई.”

“किती वाजता?”

“घड्याळ कुनाकडं हाय? न्याहारी झाली हुती. जेवनं व्हायची हुती.” मग तिनं विचारलं, “काल कुनाची मेढ शिजवली, साहेब?”

“मला कसं कळणार?”

“भाऊजींच्या मेढीला खाली लोखंडी कडी हुती. वासरू बांधायची.”

आदल्या सकाळी ढलप्या करताना कुऱ्हाडीला लागू नये म्हणून सावळारामनं एक कडी काढून बाजूला टाकली होती. ती अजून भिंतीशी पडलेली होती. रंगरावांनी तिकडं पाहिलं आणि गवराबाईनंही पाहिलं.

संध्याकाळी ऊन असतानाच रंगराव सायकलवरून रावेतला गेले. उंबरटेकच्या लोकांना तिथल्या माळावर जागा दिली होती. कुडाच्या भिंती, वर नवे पत्रे. कोंडाजी घोंगडीवर उताणा पडला होता. पन्नाशीचा, शेतकऱ्याच्या हाडापेराचा माणूस. पण त्याचे हातपाय घोंगडीवर नुसते टाकल्यासारखे पडले होते. कोपर कुठं, मनगट कुठं, हे नजरेला पटकन सापडत नव्हतं. चिंचवडचा डॉक्टर येऊन अर्धांगवायू म्हणून गेला होता. दोन्ही अंगांना अर्धांग कसं, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

रंगरावांनी कोटाची टाचणी काढून त्याच्या तळपायाला टोचली. मग पोटरीला. मग तळहाताला.

“कळतंय?”

“न्हाई,” कोंडाजी शांतपणे म्हणाला. “दुखत काईच न्हाई. मागचं न्हाई, फुडचं न्हाई. घर गेल्यापास्नं छातीत लई दुखायचं. आता तेबी न्हाई.” त्यानं नजर वळवून रंगरावांकडं पाहिलं. “तुमचं कोन गेलं, साहेब?”

रंगरावांनी टाचणी परत कोटाला लावली. “बायको.”

“मग तुमाला ठावं हाय ह्ये,” कोंडाजी म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

दुसरी मेढ गुरुवारी शिजली. रंगरावांनी थांबवली असती तर थांबली असती. पण एका खेपेवरून काही सिद्ध होत नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दाब शंभरावर गेला तो दहा वाजून पन्नास मिनिटांनी. साका पुन्हा आपोआप बसला. शुक्रवारी गवराबाईनं सांगितलं की वस्तीतली तानाबाई पडली. विहिरीवर पाणी शेंदत होती, दोर हातातून सुटला आणि ती काठालाच दुमडली, जशी वाळत घातलेली गोधडी खाली यावी. ऊन तेव्हा अजून डोक्यावर आलं नव्हतं.

“बारा ऱ्हायल्या,” गवराबाई म्हणाली. “त्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या, साहेब. आमी उचलून नेतो. डोक्यावर नेतो.”

“विचारून पाहतो,” रंगराव म्हणाले.

त्यांनी खरंच विचारलं. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. पानाच्या डब्यातून सुपारी काढून कातरत राहिले.

“रंगराव, दोन माणसं आजारी पडली. वस्ती नवी, पाणी वाईट. गेल्या महिन्यात आमच्या आळीतली तिघं पडली होती, ती काय आम्ही शिजवली?”

“साका आपोआप बसतोय.”

“मग चांगलंच झालं. तेजाब वाचलं.” दौलतरावांनी अडकित्ता ठेवला. “बुधवारी मुंबईहून मंडळी येतायत. त्यांना भुकटी दाखवायचीय. तुम्ही शास्त्र शिकलेले आहात. मी तुम्हाला काय सांगू?”

रविवारचा सगळा दिवस रंगराव खोलीवर बसून होते. पुढ्यात वही होती. दोन वेळा, दोन माणसं. योगायोग दोनदा होऊ शकतो. तिसऱ्यांदा झाला तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही. पण तिसरी खेप नीट व्हायला हवी. मेढ कुणाची हे आधी कुणालाच ठाऊक असता कामा नये. वस्तीत निरोप जाता कामा नये. ते हे सगळं शांतपणे आखत होते. हा आकडा नाही, माणूस आहे, हेही त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. त्यापलीकडं त्यांना काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही हेही त्यांनी एखाद्या नोंदीसारखं लक्षात घेतलं.

मंगळवारी ते पहाटेच्या पहिल्या उजेडात शेडवर आले. ढिगाकडं पाठ करून त्यांनी मागं हात नेला आणि हाताला लागेल ती मेढ धरली. सावळारामला म्हणाले, “ही.”

सावळाराम कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. “बाईला इचारू का, कुनाची ते?”

“नको.”

“साहेब...”

“विचारलं तर प्रयोग बिघडेल,” रंगराव म्हणाले.

ढलप्या हंड्यात गेल्या. झाकण बसलं. एकेक नट आवळला गेला. गवराबाई आठाच्या भोंग्याला आली, ढिगाकडं पाहिलं, ओठ हलवून मोजलं. अकरा. तिनं दारातून आत पाहिलं. रंगराव दाबाच्या काट्याकडं बघत होते. तिनं पदर खोचला. ट्रे घेतला आणि अंगणात गेली.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून अंगण दिसायचं. ऊन स्वच्छ होतं. पवनेवरून वारा येत होता.

काटा साठावर आला. मग ऐंशीवर.

गवराबाई भुकटीचा भरलेला ट्रे दोन्ही हातांत धरून मांडणीकडं चालली होती.

काटा नव्वदवर आला.

ती थांबली.

तिनं मान वळवून थेट खिडकीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. आपल्याला कुणी हाक मारली का, एवढंच जणू ती पाहत होती.

काटा शंभरावर टेकला.

आधी तिचे गुडघे गेले. मग कंबर. ट्रे मात्र तिनं कलू दिला नाही. तो हळूच जमिनीला टेकला, भुकटीचा कणही सांडला नाही, आणि त्याच्या कडेला ती पसरली.

रंगरावांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून पस्तीस मिनिटं. त्यांनी ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सावळारामनं वाफ सोडली नाही. भट्टी विझवून तो बाहेर धावला.

त्या दिवशी रंगरावांनी पहिल्यांदा दौलतरावांना न विचारता एक काम केलं. उरलेल्या अकरा मेढी बैलगाडीत घालून रावेतला पाठवल्या. गवराबाईला त्याच गाडीत, मेढींच्या शेजारी, घोंगडीवर ठेवलं. दौलतरावांना त्यांनी सांगितलं, लाकडाला वाळवी होती, हंडा खराब झाला असता.

गुरुवारी दुपारी गवराबाईचा नवरा गेनबा शेडवर आला. किडकिडीत, खांद्यावर उपरणं, पायात काही नाही. तो भांडायला आला असेल असं सावळारामला वाटलं. सावळाराम हातातलं काम सोडून जवळ येऊन थांबला. पण गेनबा भांडला नाही.

“त्या तिघींचं जे काडलंय ते द्या,” तो म्हणाला. “तिन्ही मेढींचं.”

दोन मेढींची भुकटी डब्यांत होती. तिसरीचा साका, हंडा गार झाल्यावर उघडून काढलेला, अजून ओलाच गाळणीवर होता. रंगरावांनी तिन्हींचे डबे वेगळे भरले, वर तारखा घातल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. गेनबानं एका डब्यात बोट घालून भुकटी चोळून पाहिली.

“ही कशात इरघळती?”

रंगरावांना वाटलं, याचं उत्तर देऊ नये. पण प्रश्न रसायनाचा होता आणि उत्तर त्यांना येत होतं.

“राखेच्या पाण्यात,” ते म्हणाले. “दाट राख घ्यायची. पाणी उकळतं हवं.”

गेनबानं मान हलवली आणि डबे उपरण्यात बांधून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, “तिनं तुमाला दोस दिला न्हाई. म्हनली, साहेबाच्या ध्यानात आलं नसंल.”

मुंबईची मंडळी बुधवारी येऊन गेली होती. त्यांनी तुराट्यांची जुनी भुकटी पाहिली, चहा घेतला, बरं म्हणाले. नंतर काही कळवलं नाही. कार्तिकात प्रायोगिक विभाग बंद करायचं पत्र आलं. हंडा भंगारात गेला. सावळाराम आधीच दुसऱ्या कंपनीत लागला होता. रंगरावांना मुंबईच्या कचेरीत बोलावणं होतं. जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ते सायकल काढून रावेतला गेले.

माळावरच्या झोपड्या तशाच होत्या, पण दारं उघडी टाकलेली आणि आत कुणी नव्हतं. लोकांचा आवाज मागच्या बाजूनं येत होता. रंगराव सायकल भिंतीला लावून तिकडं गेले.

मागं नांगरलेलं सपाट रान होतं. तिथं मेढी पुरल्या होत्या. अकराही उभ्या, बेचकी वर, कुंकवाची बोटं ताजी. त्यांच्यावर छप्पर नव्हतं, वासा नव्हता. उंबरटेकला घरं ज्या जागी होती त्याच अंतरानं त्या रानात उभ्या होत्या असं रंगरावांना वाटलं, जरी त्यांनी उंबरटेक कधी पाहिलं नव्हतं. बायामाणसं आपापल्या मेढीशी बसून भाकरी खात होती. तीन ठिकाणी मेढी नव्हत्या. तिथं माणसं उभी होती.

गवराबाई जवळ होती. हिरवं लुगडं, हात अंगाशी सरळ, पाय घोट्यापर्यंत मातीत. ती ताठ उभी होती. चेहरा सुकलेला नव्हता. कातडीला मात्र भुकटी विरघळवलेल्या राखेच्या पाण्यानं आलेली तपकिरी झाक होती.

“बरं आहे?” रंगरावांनी विचारलं.

“बरं हाय, साहेब.” आवाज तिचाच होता, थोडा कोरडा.

“कधीपासून उभ्या आहात?”

तिनं आठवून पाहिलं. “नवरात्राच्या आदीपास्नं.”

“बसत का नाही?”

“बसावंसं वाटत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी बसा की.”

रंगराव बसले नाहीत. रानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पन्नास-साठ पावलांवर, कोंडाजी पाठमोरा उभा होता. त्याच्या पायाखालची माती वाळून भेगाळली होती. तानाबाई उजव्या हाताला, पदर डोक्यावरून घेतलेली. वारा आला तसा तिचा पदर हलला. ती हलली नाही.

गेनबा विहिरीवरून बादली घेऊन आला. रंगरावांना पाहून त्यानं नुसती मान हलवली. मग वाकून, घाई न करता, गवराबाईच्या पावलांभोवती त्यानं पाणी ओतलं. फेस धरून पाणी क्षणभर वर थांबलं आणि मग एकदम आत गेलं.

गवराबाईनं डोळे मिटून घेतले.

सगळे जेवायचे थांबले होते. रंगरावांना आपल्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

रानाच्या पलीकडच्या टोकाला, मान न वळवता, कोंडाजी म्हणाला, “आज पानी गोड लागतंय.”